ऑक्टोबरची छाटणी आणि उणे ३३ अंश: मिनियापोलिसमधील एका वेलगुलाबाचे प्रकरण

पुण्यात गुलाबाची मुख्य छाटणी ऑक्टोबरात होते आणि तिच्यामागे पक्का हिशेब असतो. पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी होत जाते, छाटलेल्या फांदीवरचे डोळे आठ-दहा दिवसांत फुगतात आणि सुमारे दीड महिन्याने, थंडीच्या तोंडावर, वर्षातली सर्वांत भरदार फुले येतात. चाळीस वर्षे ही छाटणी केलेला हात अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटा राज्यात, मुलीच्या घरी गेला तरी ऑक्टोबर लागताच कात्री शोधू लागतो. येथे मांडलेल्या प्रकरणाचा एक धागा या सवयीचा आहे आणि दुसरा चुकीच्या जातीच्या निवडीचा. हे दोन्ही एकमेकांत इतके गुंतले होते की कोणत्या कारणाने किती नुकसान झाले, हे सोडवायलाच एक अख्खा वसंत गेला.

घर मिनियापोलिसच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आहे आणि कुटुंब मूळचे कोथरूडचे. मुलीची आई, ज्यांना मी काकू म्हणतो, बहुतेक वर्षी मे महिन्यात येतात आणि सहा महिन्यांची मुदत संपण्यापूर्वी, ऑक्टोबरच्या अखेरीस, परत जातात. माझे घर तेथून दहा मिनिटांवर आहे, आणि गुलाबांचा नाद जुना असल्यामुळे २०१४ पासून त्या बागेची टिपणे माझ्या वहीत आहेत. कोथरूडच्या त्यांच्या बंगल्याच्या फाटकावर मधुमालतीची कमान होती. तशीच कमान येथे मागच्या अंगणाच्या फाटकावर गुलाबाची असावी, एवढीच काय ती अपेक्षा होती. दुसरी जागा गॅरेजच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत होती. दोन्ही ठिकाणी दिवसाचे सात-आठ तास ऊन मिळते. माती चिकण असली तरी कंपोस्ट घालून घालून ती बऱ्यापैकी सुधारलेली आहे. म्हणजे ऊन, माती आणि हौस यांपैकी कशाचीच उणीव नव्हती.

पहिले रोप २०१४ च्या मे महिन्यात एका मोठ्या दुकानातून आले. गडद लाल ‘डॉन जुआन’, मुळे लाकडाच्या भुशात गुंडाळलेली, वर पिशवी आणि पिशवीवर चित्र. ते डोळा भरून केलेले कलम होते, म्हणजे एका जातीच्या मुळावर दुसऱ्या जातीचा डोळा बसवलेला, आणि काकूंनी ते पुण्याच्या रीतीने लावले, म्हणजे डोळा भरल्याची गाठ मातीच्या वर चार बोटे राहील असे. पुण्यात ते योग्यच आहे, कारण तेथे भीती असते ती ओलाव्याने गाठ कुजण्याची. मिनेसोटात नेमके उलटे करावे लागते: गाठ जमिनीखाली किमान दहा सेंटिमीटर जावी लागते, कारण कलमाचा सर्वांत नाजूक भाग तोच आणि हिवाळ्यात त्याला पांघरूण घालणारी वस्तू म्हणजे माती. पहिल्याच हिवाळ्यात गाठीसकट वरचा सगळा भाग मेला. २०१५ च्या उन्हाळ्यात बुंध्यापासून जोमदार फुटवे निघाले, त्यानंतरचा हिवाळा सौम्य गेला आणि २०१६ च्या जूनमध्ये फाटकावर चक्क फुले आली. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. फोटो पुण्याला गेले आणि काकूंनी फोनवर विचारले, “हा तोच आहे का गं? पाकळ्या कमी वाटतायत.”

तो ‘तोच’ नव्हता. मरून रंगाची, मोजक्या पाकळ्यांची, मध्यभागी पिवळे पुंकेसर दिसणारी आणि वर्षातून एकदाच येणारी ती फुले ‘डॉ. ह्यूई’ या जातीची होती, जी अमेरिकेत खुंट म्हणून, म्हणजे कलमाचा खालचा, मुळाकडचा भाग म्हणून, फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. वरचे कलम मेले होते आणि खालचा खुंट फुलला होता. उत्तरेकडच्या कितीतरी अंगणांत लोक वर्षानुवर्षे हाच मरून गुलाब सांभाळतात आणि आपल्या गुलाबाने रंग बदलला असे समजतात.

२०१७ मध्ये खुंट उपटून त्याच्या जागी, आणि गॅरेजपाशीही, ‘न्यू डॉन’ची दोन रोपे लावली. ही निवड वरकरणी विचारपूर्वक होती. ‘न्यू डॉन’ १९३० मध्ये बाजारात आला आणि १९३१ मध्ये अमेरिकेत वनस्पतीला दिलेले पहिले पेटंट याच गुलाबाला मिळाले. फिकट गुलाबी फुले, चकचकीत पाने, दांडगी वाढ आणि एका हंगामात पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण यांमुळे नव्वद वर्षे त्याची शिफारस होत आली आहे. तथापि ती शिफारस करणारे बहुतेक लोक या प्रदेशापेक्षा उबदार भागांत राहतात, ही गोष्ट आम्हा सगळ्यांच्याच नजरेतून सुटली. माझ्याही. शिफारस काही अंशी माझी होती, हे येथे नोंदवले पाहिजे.

येथे वेलगुलाबाचा मूळ पेच सांगणे आवश्यक आहे, कारण झुडपी गुलाबाच्या अनुभवावरून त्याचा अंदाज येत नाही. झुडपी गुलाब हिवाळ्यात जमिनीपर्यंत मेला तरी फारसे बिघडत नाही; मूळ जिवंत असले की मे महिन्यात फुटवे निघतात आणि जुलैपर्यंत त्यांवर फुले येतात. वेलगुलाबाचे तसे नाही. त्याची उंची ही एका वर्षाची कमाई नसते. मागच्या आणि त्याच्या मागच्या वर्षीच्या लांब दांड्या जिवंत राहिल्या तरच त्यांच्या बगलेतून आखूड फांद्या निघतात आणि जूनचा मोठा बहर त्या आखूड फांद्यांवर येतो. दांडी मेली की झाड दरवर्षी शून्यापासून सुरुवात करते, सप्टेंबरपर्यंत कसेबसे माणसाच्या उंचीला पोहोचते, चार फुले दाखवते आणि पुन्हा मरते. असे झाड दहा वर्षे जिवंत राहू शकते आणि दहा वर्षांत एकदाही कमानीच्या माथ्यावर पोहोचत नाही. म्हणून “हा गुलाब येथे जगतो का?” हा प्रश्न वेलगुलाबाच्या बाबतीत निरुपयोगी आहे. विचारायचे ते हे, की त्याचे जुने लाकूड उघड्यावर, बर्फाच्या वर, पांघरुणाविना जगते का.

‘न्यू डॉन’चे पहिले दोन हिवाळे असेच गेले. २०१७ आणि २०१८ या दोन्ही वर्षी काकूंनी विमानाच्या तारखेपूर्वी फाटकावरच्या झाडाची छाटणी केली, बुंध्याशी शेणखत आणि थोडे रासायनिक खतही घातले. गॅरेजपाशी मात्र एअर कंडिशनरच्या यंत्रामुळे हात पोहोचत नव्हता, म्हणून तेथले झाड दोन्ही वेळा तसेच राहिले. या अपघाताने आम्हाला तुलनेची सोय झाली.

त्यानंतर ३० जानेवारी २०१९ उजाडला. त्या दिवशी मिनियापोलिस विमानतळावर किमान तापमान उणे ३३ अंश सेल्सिअस नोंदले गेले. त्या हिवाळ्यात तोपर्यंत बर्फ बेताचाच पडला होता. विक्रमी बर्फ पडला तो नंतरच्या फेब्रुवारीत. क्रम उलटा असता तर झाडांना जाड पांघरूण मिळाले असते, पण थंडी आधी आली आणि दुलई मागून.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोन्ही झाडे तपासली. मेलेली दांडी बाहेरून ओळखता येतेच असे नाही. काही दांड्यांची साल एप्रिलमध्येही हिरवट दिसत होती आणि मुलीचे म्हणणे होते की त्या वाचल्या असाव्यात. मी धारदार कात्रीने शेंड्याकडून एकेक पेर उतरवत खाली आलो. पहिला काप: गाभा तपकिरी, भिजवलेल्या चहाच्या चोथ्याच्या रंगाचा. दुसरा काप, एक वीत खाली: तपकिरी, कडेला करडी कड. तिसरा, चौथा, पाचवा तसाच. साल नखाने खरवडली तर तिच्याखाली ओल होती, पण ती ओल शिळ्या भाजीच्या देठासारखी, वास येणारी. गॅरेजपाशी जमिनीपासून साधारण तीस सेंटिमीटरवर आल्यावर गाभा अचानक पांढुरका-हिरवा, सफरचंदाच्या फोडीसारखा कडक लागला. फाटकाजवळच्या झाडात तो हिरवा गाभा सापडलाच नाही; मातीच्या पातळीपर्यंत सगळे तपकिरी होते आणि जमिनीखालून दोन लालसर कोंब तेवढे वर येत होते.

या तपासणीतून दोन निष्कर्ष निघाले आणि त्यांचे वजन सारखे नाही. पहिला असा की छाटलेले आणि न छाटलेले, दोन्ही झाडे बर्फाच्या वर पूर्णपणे मेली. म्हणजे मुख्य दोष जातीचा होता. ‘न्यू डॉन’चे लाकूड या थंडीत टिकत नाही, मग त्याची छाटणी कोणी कशीही करो. दुसरा असा की बर्फाखालचा जो भाग गॅरेजपाशी वाचला तो फाटकाजवळ वाचला नाही, आणि त्याला ऑक्टोबरच्या छाटणीने हातभार लावला असण्याचा संभव मोठा आहे. अर्थात गॅरेजच्या छपरावरून घसरलेल्या बर्फाचा थर तेथे थोडा जाड असणार, त्यामुळे सगळा ठपका कात्रीवर ठेवणे काकूंवर अन्याय करणारे ठरेल.

छाटणी घातक का ठरते, याचे उत्तर झाडाच्या हिवाळी तयारीत आहे. ऑगस्टनंतर दिवस आखूड होऊ लागले की गुलाब शेंड्याची वाढ थांबवतो, लाकूड पक्के करतो आणि साखरेचा साठा दांड्यांत व मुळांत भरतो. पुढे रात्री गोठणबिंदूखाली जाऊ लागल्या की पेशींमधले पाणी हळूहळू पेशींच्या बाहेर, मधल्या पोकळ्यांत सरकते. बर्फ तेथे बनतो, पेशीच्या आत बनत नाही, आणि आतला रस दाट होत गेल्याने तो सहजी गोठत नाही. ही तयारी टप्प्याटप्प्याने, कित्येक आठवडे चालते. मध्येच शेंडे कापले की खालच्या डोळ्यांवरचा दाब उठतो, ते फुगू लागतात, आणि नायट्रोजन घातला असेल तर आणखी वेगाने. पुण्यात आपल्याला हेच हवे असते. मिनेसोटात तोच कोवळा फुटवा पहिल्या कडक हिवात काळा पडतो आणि त्याच्यासाठी खर्च केलेला साठा वाया जातो.

यावर स्थानिक उपाय नाही असे नाही. मिनेसोटात झाड आडवे करून पुरण्याची एक जुनी पद्धत आहे: ऑक्टोबरच्या मध्यास बुंध्याच्या एका बाजूची मुळे मोकळी करायची, शेजारी चर खणायचा, झाड बांधून त्यात निजवायचे, वर माती आणि जमीन गोठल्यावर पालापाचोळा टाकायचा, आणि एप्रिलमध्ये पुन्हा उभे करायचे. मिनियापोलिसच्या लिंडेल पार्कमधील १९०८ च्या सुमाराच्या सार्वजनिक गुलाबबागेत ही पद्धत वर्षानुवर्षे वापरली गेली आहे. कमरेएवढ्या झुडपांसाठी ती उत्तमच आहे. परंतु तीन मीटर लांबीच्या, काटेरी, कमानीला बांधलेल्या दांड्या दरवर्षी सोडवून पुरणे आणि पुन्हा बांधणे हे काम कंबरदुखी असलेल्या जावईबापूंवर लादण्याची माझी तयारी नव्हती, आणि त्यांची तर मुळीच नव्हती.

तेव्हा जात बदलायची ठरले, आणि शोध कॅनडाकडे वळला. ऑटावा येथील सेंट्रल एक्सपेरिमेंटल फार्म या सरकारी संशोधन केंद्रात फेलिसिटास स्वेज्दा या संशोधिकेने १९६१ पासून गुलाबांवर काम केले. त्या मूळच्या व्हिएन्नाच्या, १९५३ मध्ये कॅनडात आलेल्या. त्यांची पद्धत सांगायला सोपी आणि निभवायला निष्ठुर होती: रोपे उघड्यावर लावायची, हिवाळ्यात पांघरूण घालायचे नाही, औषध फवारायचे नाही आणि जे उरेल त्यातून निवडायचे. या निवडीतून आलेल्या जातींना उत्तर अमेरिकेच्या शोधयात्रांशी संबंधित संशोधक-प्रवाशांची नावे दिली गेली. त्यांतल्या वेलींच्या मागे एक जर्मन योगायोगही आहे. ‘मॅक्स ग्राफ’ नावाचा जमिनीवर पसरणारा गुलाब जवळजवळ वांझ होता. जर्मनीतील पैदासकार विल्हेल्म कोर्डेस यांच्याकडे त्याच्या बियांपासून एक रोप निघाले, ज्यातील गुणसूत्रांची संख्या आपोआप दुप्पट, चौदाची अठ्ठावीस, झाली होती. या दुपटीमुळे ते फलधारणा करू लागले. समुद्रकाठच्या काटक रुगोसा गुलाबाची सहनशक्ती आणि सरपटणाऱ्या विचुराना गुलाबाची लांबी एकाच झाडात घेऊन आलेला हा वंश पुढे कोर्डेसी म्हणून ओळखला गेला, आणि स्वेज्दांनी त्याचाच उपयोग केला.

२०१९ च्या मे अखेरीस फाटकापाशी ‘विल्यम बॅफिन’ (१९८३) आणि गॅरेजपाशी ‘जॉन कॅबट’ (१९७८) लावले. दोन्ही रोपे मुद्दाम स्वमुळांवरची घेतली, म्हणजे वरचा भाग मेलाच तरी खालून येईल ते तेच झाड असेल. बॅफिन या नावाची एक गंमत काकूंना फार आवडली. ज्या खलाशाच्या नावाने ध्रुवप्रदेशातला उपसागर ओळखला जातो तो पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेपर्यंत आला होता आणि १६२२ मध्ये इराणच्या आखातातील केश्म बेटावर, पोर्तुगीजांशी चाललेल्या लढाईत, मारला गेला. “म्हणजे हा आपल्याकडे येऊन गेलाय,” एवढे बोलून त्यांनी आळे करायला घेतले.

काळजी घेण्याच्या रीतीत जे बदल केले ते सगळे जुन्या लाकडाच्या रक्षणासाठी होते. जुलै संपला की खत बंद. सप्टेंबरपासून सुकलेली फुले खुडणेही बंद, म्हणजे झाडाला नवे शेंडे काढायचे निमित्त मिळू नये. जमीन गोठण्यापूर्वी एकदा खोलवर पाणी, कारण हिवाळ्यातले कोरडे वारे दांड्यांमधला ओलावा ओढून घेतात आणि गोठलेल्या जमिनीतून मुळे तो भरून देऊ शकत नाहीत. बुंध्याभोवती बारीक तारेची जाळी, तीही ९० सेंटिमीटर उंच, कारण बर्फाचा थर वाढला की ससे त्यावर उभे राहून वरची साल कुरतडतात. छाटणी फक्त एप्रिल अखेरीस, डोळे फुगलेले दिसल्यावर, आणि तीही मेलेल्या टोकांपुरती.

पहिली दोन वर्षे बॅफिनने अंगणातल्या सर्वांची निराशा केली. २०२० च्या जूनमध्ये मोजून अकरा फुले आली, पण एप्रिलमध्ये दांड्यांची फक्त टोके, वीतभरही नाही, मेलेली निघाली होती, आणि माझ्या वहीत त्या नोंदीखाली दोन रेघा मारलेल्या आहेत. २०२१ मध्ये बुंध्यातून बोटाएवढ्या जाडीच्या पाच नव्या दांड्या अडीच मीटर गेल्या. गुलाबाला मधुमालतीसारखे स्वतः विळखा घालणे जमत नाही, काकडीसारखे ताणेही नसतात. त्याला बांधावे लागते. काकूंनी जाड कातडी हातमोजे घालून एकेक दांडी हळूहळू वाकवली, थोडी वाकवायची, थांबायचे, पुन्हा थोडी, आणि कमानीच्या आडव्या पट्टीला सुतळीचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास घातला, म्हणजे पट्टी आणि दांडी यांच्या मध्ये सुतळीचाच एक वेढा राहतो आणि साल घासत नाही. आडवी झालेली दांडी शेंड्याकडेच सगळा रस धाडत नाही. तिच्या पेरापेराला बगलफूट येते. २०२२ च्या जूनमध्ये कमानीच्या दोन्ही अंगांना, गुडघ्यापासून माथ्यापर्यंत, गर्द गुलाबी झुबके होते. एका झुबक्यात मी तेवीस फुले मोजली.

तक्रारीही आल्या, आणि त्या खऱ्या आहेत. ऑनलाइन मागवलेली पातळ पत्र्याची कमान २०२२ च्या जुलैतल्या एका वादळात बॅफिनच्या वजनाने दुमडली; आता दहा सेंटिमीटर जाडीचे देवदारी खांब सिमेंटमध्ये रोवले आहेत, आणि ते पहिल्याच दिवशी रोवायला हवे होते. काटे असे की येणाजाणाऱ्यांचे कपडे अडकतात, त्यामुळे फाटकाच्या आतल्या बाजूची फूट दर पंधरवड्याला काढावी लागते. जुलैत तांब्याच्या रंगाचे जपानी भुंगे फुलांवर तुटून पडतात. सकाळी ते सुस्त असताना साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकणे, हा एकच उपाय येथे नेमाने पाळला जातो. काळे ठिपके आणि भुरी मात्र जवळजवळ दिसलेली नाही.

काकूंचा आक्षेप याहून मूलभूत होता. “वास नाही त्याला गुलाब काय म्हणायचं? देवाला तरी कसा वाहायचा?” बॅफिनला सुगंध नावापुरताच आहे आणि हे लपवण्यात अर्थ नाही, थंडी, रोग आणि वाढ यांसाठी निवड करताना वास मागे पडला. त्यांच्यासाठी २०२३ मध्ये फाटकापासून तीन मीटरवर ‘तेरेझ ब्युन्ये’ लावला. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात जॉर्ज ब्युन्ये यांनी तयार केलेला हा १९५० चा गुलाब वेल नाही, माणसाच्या उंचीचे झुडूप आहे, पण त्याला देवघरात चालेल असा वास आहे आणि तोही पांघरुणाविना हिवाळा काढतो.

२०२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या कृषी खात्याने थंडीच्या पट्ट्यांचा नवा नकाशा काढला आणि मिनियापोलिसचा परिसर ‘४ ब’ मधून ‘५ अ’ मध्ये, म्हणजे एक पायरी उबदार, गेला. त्यानंतरचा हिवाळा विक्रमी उबदार ठरला आणि जावईबापूंनी लगेच विचारले की आता ‘न्यू डॉन’ पुन्हा लावायला काय हरकत आहे. हरकत अशी की तो नकाशा १९९१ ते २०२० या तीस वर्षांतल्या दरवर्षीच्या सर्वांत थंड रात्रीची सरासरी सांगतो. ‘५ अ’ची खालची मर्यादा उणे २९ च्या जवळ आहे; २०१९ ची ती रात्र याच तीस वर्षांतली, आणि तिने ही मर्यादा चार अंशांनी ओलांडली होती. तीन वर्षे खपून कमावलेले लाकूड गमवायला अशी एक रात्र पुरते.

‘जॉन कॅबट’ची एक जुनी दांडी गेल्या हिवाळ्यात जाळीच्या वर सशांनी सभोवार कुरतडली, ती एप्रिलमध्ये बुंध्यापासून काढली आणि तिच्या जागी वळवायला एक नवा फुटवा राखून ठेवला आहे. काकू यंदाही ऑक्टोबरच्या अखेरीस परतल्या. निघण्यापूर्वीच्या संध्याकाळी त्यांनी सुतळीचे सगळे फास तपासले, दोन बदलले, आणि कात्रीला तेल लावून ती गॅरेजच्या खिळ्याला अडकवली.